सगुणाबाई आणि दातांचं रोगण

सगुणाबाई बोलायला लागली की आधी पदर तोंडावर जायचा आणि मग शब्द बाहेर यायचे. नवी सून म्हणून उंबरमाळात आली तेव्हा लोकांना वाटलं, पोर लाजाळू आहे. पुढं कधीतरी पाणवठ्यावर बायकांनी तिला अवचित जांभई देताना पाहिलं आणि खरं कारण वाडीभर झालं. तिचे पुढचे दात काळे पडले होते. वरच्या दोहोंचे तर नुसते खुंट उरले होते. वय विशी-बाविशीचं आणि तोंड साठीच्या म्हातारीचं.

तिचं माहेर किकवीचं. बापाचं हमरस्त्याच्या कडेला चहाचं हॉटेल होतं. साताऱ्याकडं जाणारे ट्रकवाले तिथं थांबायचे, चहाबरोबर गोडीशेव आणि बालुशाही खायचे. आई लवकर गेलेली. पोर रडायला लागली की बाप भट्टीवरून उठू शकत नसे, मग परातीतली गोडीशेव मूठभर तिच्या हातावर ठेवायचा. लाडच होता तो, दुसरं काय. दूधदात किडले तेव्हा कुणी फिकीर केली नाही, ते पडायचेच असतात. त्यांच्या जागी नवे आले तेही त्याच वाटेनं गेले. ठणका लागला की लवंग दाबायची, आणि लवंगेनं भागलं नाही की मिश्री. पाहुणे बघायला येणार त्या सकाळी बापानं बजावलं होतं, "मान खाली घालून बस, आन् हसू नगं." ती हसली नाही, आणि मग सासरीही तीच सवय लागली.

नवरा साहेबराव मुंबईला गोदीत हमाली करायचा, शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचा. तो तिला दातांवरून कधी एक शब्द बोलला नाही. पण एकदा भोरला दोघं फोटो काढायला गेली होती. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा हसा की." तेव्हा साहेबराव चटकन म्हणाला, "असू द्या, असू द्या. तसाच काढा." ते त्यानं मायेनं म्हटलं होतं, हे तिला कळत होतं. तरी परतीच्या एसटीत ती सारा वेळ खिडकीकडं तोंड करून बसली.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारची सुकडी, तो पोषणाचा कोरडा खाऊ, गावोगाव वाटली गेली, आणि तिच्या पाठोपाठ उंबरमाळला बालवाडी आली. वाडी राजगडाच्या पायथ्याची, पालीच्या अलीकडची. वरच्या अंगाला कुणब्या-मराठ्यांची घरं आणि ओढ्याच्या पलीकडं बौद्धवस्ती. वाडीत नानांचा शब्द चालायचा. नाना म्हणजे जुने सरपंच. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात रस्त्याचं काम वाडीला मिळावं म्हणून त्यांनी वेल्ह्याच्या कचेरीत कितीदा खेटे घातले होते. बालवाडीसाठी आपल्या गोठ्याशेजारची पडवी त्यांनीच मोकळी करून दिली. सातवी झालेली बाई वाडीत एकच, म्हणून सगुणाबाईचं नावही त्यांनीच सुचवलं. "चार लोकांत मिसळशील, बरं वाटंल तुला," असं म्हणाले होते. त्या उपकाराचं ओझं तिच्या मानेवर कायम असायचं.

बालवाडीत बौद्धवस्तीतली पोरंही यायची. ती दाराजवळ बसायची. तिथं बसा असं सगुणाबाईनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि पुढं या असंही सांगितलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी सुगी उरकल्यावर पुण्याचे डॉक्टर टेंबे वाडीत आले. दातांचे डॉक्टर. दर मंगळवारी ते भोरच्या दवाखान्यात बसायचे आणि इतर दिवशी वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळा बघत हिंडायचे. मार्गासनीपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं पायी, खांद्याला पिशवी. त्यांनी पोरांना म्हटलं, "मला एक गाणं म्हणून दाखवा बघू."

पोरं उभी राहिली. गाणं सुरू झालं, आणि प्रत्येकाचा हात तोंडावर गेला. पोरींनी झग्याची टोकं तोंडाशी धरली. ती तशीच, तालावर डोलत, तोंड झाकून गात होती.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं. "अशी तोंडं झाकून का म्हणतात ही?"

"बाई असंच म्हनत्यात," एक चिमुरडी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकदा सगुणाबाईकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं नेली. भुई दुभंगली असती तर तिला बरं वाटलं असतं. आपली लाज आपल्यापाशीच राहते अशा समजुतीत ती इतकी वर्षं होती. ती पोरांना लागलेली आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरांनी पोरांची तोंडं तपासली आणि मग तिला शेजारी बसवून नीट समजावलं. मुंबईचे बाप गोळ्या-बिस्किटं आणतात, गुळाचा चहा दिवसातून कितीदा होतो, पोरांचे दात किडायला तेवढं पुरतं. त्यांच्याकडं जर्मनीहून आलेल्या औषधाच्या ट्यूबा होत्या. फ्लोराईड नावाचं द्रव्य त्यात होतं. "पिवळा, चिकट लेप आहे. दात कापसानं कोरडा करायचा आणि वर पातळसा फिरवायचा. लाळ लागली की तो धरतो. पाचव्या-सहाव्या वर्षी मागं नवी दाढ येते ना, ती जन्माची असते. पण उगवताना तिचं कवच कच्चं असतं. ह्या लेपानं ते घट्ट होतं. किडलेला दात यानं बरा होत नाही, बाई. न किडलेला वाचतो. आणि सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो."

"आमच्या टायमाला असतं तर..." ती पदराआडून म्हणाली आणि थांबली.

"ह्यांच्या टायमाला आहे," डॉक्टर म्हणाले. "आयांना तुम्ही तयार करा. एकही मूल राहू नये."

त्या लेपाला वाडीनं लगेच नाव ठेवलं, दातांचं रोगण. पाळण्याला लावतात, खाटेच्या पायांना लावतात, तसं आता पोरांच्या दातांना. चेष्टा झाली तशी भीतीही उठली. नसबंदीची शिबिरं होऊन गेलेली होती, लोकांचा सरकारी औषधावर विश्वास नव्हता. नानांची सून फुलाबाई म्हणाली, "ह्याच्यानं पोरीस्नी म्होरं मूल व्हईल ना?" सगुणाबाई घरोघर फिरली. जिथं उंबऱ्यातून परत पाठवलं तिथं दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती एखादी गोष्ट इतक्या हिरिरीनं बोलत होती.

ओढ्यापलीकडं तिला फार बोलावं लागलं नाही. रतनबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिचा नवरा कुंडलिक कापूरहोळला पंक्चरच्या दुकानात कामाला होता. शेवंता ही त्यांची एकुलती एक पोर, बालवाडीतली सगळ्यात चुणचुणीत. रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "आमच्या पोरास्नी बी लावनार ना, बाई?"

"सगळ्यास्नीच."

"न्हाई, इचारलेलं बरं. शेवंताला मागली दाढ येतीया. मी आनते तिला. वस्तीतल्या बाकीच्यांना बी सांगते."

आणि तिनं सांगितलंही. ठरल्या सकाळी सगळ्यात आधी येऊन उभी राहिली ती वस्तीतलीच पोरं, तेल लावून, भांग पाडून. शेवंता रांगेत पहिली होती.

पडवीच्या एका कोपऱ्यात सगुणाबाईनं तीन दगडांची चूल मांडली होती. तोंडात बघायचे छोटे आरसे पातेल्यात खळखळा उकळत होते. ते काम डॉक्टरांनी तिच्याकडंच दिलं होतं. लेप लावायला काडीला कापूस गुंडाळलेला. प्रत्येक पोराला नवी काडी आणि वापरलेली सरळ चुलीत. डॉक्टर मागच्या बाजूला हात धूत होते, तेवढ्यात नाना नातवंडांना घेऊन आले. त्यांनी रांग पाहिली, आणि सगुणाबाईला खुणेनं बाजूला बोलावलं.

"सूनबाई, ही रांग कुनी लावली?"

"जशी आली तशी उभी हायेत, नाना."

"आरसा त्यांच्या तोंडातला काढून आमच्या पोरांच्या तोंडात जानार. लोक काय म्हनतील? वरल्या आळीच्या बाया मागारी चालल्यात, बघ." ते आवाज चढवत नव्हते. घरचं काही सांगावं तसं सांगत होते. "त्यांना नगं म्हनत न्हाई मी. मागनं होऊ दे त्यांचं. पडवी माझी हाय म्हनून सांगतो असं समजू नगंस."

आरसे उकळतायत, असं तिला सांगता आलं असतं. काडी दर पोराला नवी आहे, असंही. चूल तिनंच पेटवली होती, पातेलं तिनंच ठेवलं होतं. वाडीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. पण नानांसमोर तिचं तोंड उघडलं नाही. ती रांगेपाशी गेली आणि शेवंताच्या खांद्याला धरून म्हणाली, "तुमी जरा तिकडं जांभळीखाली बसा. मागनं बोलावते."

पोरं गेली. रतनबाईनं पाहिलं. ती पोरांच्या मागं जाऊन जांभळीखाली उभी राहिली.

काम सुरू झालं. वरच्या आळीतली पोरं एकेक करून बसली. कुणी चावलं, कुणी रडलं, नानांचा नातू पिवळे दात काढून सगळ्यांना भिववत फिरला. ऊन चढलं. शेवटचं पोर उठलं तसे डॉक्टर पाठ सरळ करत म्हणाले, "झालं? ती झाडाखालची मुलं कोण? त्यांना नाही लावायचं?"

नाना दारातच बसले होते, तंबाखू मळत. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त हाताचा अंगठा थांबला. तेवढ्यावरून सगुणाबाई काय ते समजली. मागनं म्हणजे आज नव्हे. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांच्या आया नगं म्हनत्यात."

"का?"

"भेत्यात."

डॉक्टरांनी मान हलवली. दमले होते, आणि असं त्यांनी पुष्कळ गावांत ऐकलं होतं. "जबरदस्ती नाही करता येत," म्हणाले. ट्यूबेत औषध शिल्लक होतं. त्यांनी तिचं टोपण लावलं, पिशवीत टाकली आणि निघाले.

सगुणाबाईनं मान वर केली तेव्हा रतनबाई पडवीच्या कडेला उभी होती. बोलावणं कसं येईना म्हणून विचारायला आलेली. तिनं ऐकलं होतं. तिनं डॉक्टरांना हाक मारली नाही, की भांडली नाही. शेवंताचा हात धरला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. बाकीची पोरं तिच्या मागं गेली. भांग तसेच, चापून बसवलेले.

दुसऱ्या दिवशी दारापाशी कुणीच बसलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नानांनी एकदा सहज विचारलं, "वस्तीतली पोरं यायची बंद झाली व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेले. वरच्या आळीत सगुणाबाईची वाहवा झाली. दातांचं रोगण लागलेल्या पोरांच्या आया तिला दारात बोलावून चहा देऊ लागल्या. तो चहा ती तसाच ठेवून उठायची. दाराजवळची सारवलेली मोकळी जागा सकाळभर तिच्या डोळ्यांपुढं असायची. पोरांना गाणं सांगताना ती मध्येच ओळ विसरायची.

एकदा ओढ्यावर दोघी समोरासमोर आल्या. सगुणाबाईनं वाट सोडून बाजूला व्हावं म्हणून पाऊल उचललं, तेवढ्यात रतनबाई म्हणाली, "बाई, एक इचारू? आमी नगं म्हनलो व्हतो का?"

सगुणाबाईनं उचललेलं पाऊल मागं घेतलं.

"आमास्नी वाटलं, म्हनलो असू. इसरलो असू." एवढं बोलून रतनबाईनं हंडा डोक्यावर घेतला.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, निदान रडता येतं. सगुणाबाई घरी आली, आणि सासूनं पुढ्यात ठेवलेली भाकरी तशीच राहिली. सासूबाई साळूबाई म्हणाल्या, "दात दुखतोय का गं?" ती म्हणाली, "व्हय." ते दुसरं खोटं. दातांचं निमित्त करून ती आजवर कितीतरी ठिकाणी गप्प बसली होती, तसंच आताही.

साहेबराव शिमग्याला आला तेव्हा तिनं त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "नानांच्या म्होरं तू काय बोलनार व्हतीस? सोड." तिला सोडता येईना. नानांपुढं बोलता आलं नाही, हे एकवेळ खरं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसता आलं असतं. खोटं बोल म्हणून तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिनं आपणहून, न मागता दिलं होतं, आणि दोष त्या आयांच्या माथी मारला होता.

वर्ष सरत आलं. डॉक्टरांना मध्ये दुसऱ्या तालुक्याचं काम लागलं, त्यामुळं दुसरा हात द्यायला ते आलेच नाहीत. भात काढणीला आलेलं असताना एका मंगळवारी बालवाडीतल्या पोरीच बोलता बोलता म्हणाल्या, "शेवंताचं थोबाड फुगलंय. डोळा बी उघडत न्हाई. आई तिला घिऊन फाट्याला गेलीया." सगुणाबाईनं पोरं तशीच सासूच्या हवाली केली आणि मार्गासनीची वाट धरली. धापा टाकत फाट्यावर पोचली तेव्हा रतनबाई पोरीला कडेवर घेऊन एसटीची वाट बघत उभी होती. शेवंताचा उजवा गाल जांभळट, तकतकीत झालेला. पोर तापानं मलूल होऊन आईच्या खांद्यावर पडली होती.

"आज मंगळवार हाये. ते डॉक्टर भोरला असतील," सगुणाबाई म्हणाली. "म्या येते संगं."

"रस्ता ठावा हाये आमाला."

एसटी आली. रतनबाई चढली, आणि तिच्या मागून सगुणाबाईही. रतनबाईशेजारची जागा रिकामी होती, पण तिनं त्यावर पिशवी ठेवली. सगुणाबाई नसरापूरपर्यंत दांडीला धरून उभी राहिली, आणि पुढं कापूरहोळपर्यंतही. कापूरहोळला गाडी बदलायची होती. कुंडलिक दुकानात असेल म्हणून रतनबाई आधी तिकडं गेली, पण तो मालकाबरोबर खंबाटकीच्या घाटात बंद पडलेल्या ट्रकवर गेला होता. परत आली तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा कोसळलेला दिसला. भोरच्या गाडीला गर्दी होती. खाली वाकून पिशवी उचलणं रतनबाईला जमेना, तेव्हा सगुणाबाईनं ती उचलली. रतनबाईनं ओढून घेतली नाही. दोघींत तेवढंच झालं.

दवाखान्याच्या ओसरीवर माणसांची दाटी होती. डॉक्टर टेंब्यांनी पोरीचा गाल पाहताच तिला आत घेतलं. दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्यांना सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. तोंडात आरसा घालून ते म्हणाले, "दुधाची दाढ आहे. मुळाशी पू झालाय. शेजारची नवी दाढ पण लागलीय किडायला." मग त्यांनी मान वर केली, सगुणाबाईला ओळखलं, आणि परत रतनबाईकडं पाहिलं. "तुम्ही उंबरमाळच्या ना? लेप नको म्हणाला होतात तुम्ही लोक. बघा आता. तेव्हा बाईंचं ऐकलं असतंत तर ही नवी दाढ तरी धड राहिली असती. दारी आलेल्या औषधाला नाही म्हणता आणि मग पोरांनी भोगायचं."

रतनबाईनं शेवंताचे हात धरलेले होते. तिनं सगुणाबाईकडं पाहिलं. रागानं नव्हे, आता तू काय बोलतेस, एवढंच त्या नजरेत होतं. आणि मग तिनं नजर पोरीकडं वळवली, जणू बोलणाऱ्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती.

सगुणाबाईचा हात सवयीनं पदराकडं गेला. पदराआडून बोललं तर हे बोलणं पुटपुटल्यासारखं होईल, अर्धं ऐकू जाईल, आणि अर्ध्यावर भागवायची ही संधी आहे, असं तिला वाटलं. तसं वाटल्याचीच तिला इतकी किळस आली की तिनं हात खाली घेतला.

"डॉक्टर, त्या नगं म्हनल्या न्हवत्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी येऊन ह्याच उभ्या व्हत्या. ही पोरगी रांगेत पयली व्हती. म्या उठवलं तिला. नाना म्हनले म्हनून झाडाखाली बशिवलं. आन् तुमी इचारलं तवा खोटं बोलले. आरसं उकळत्यात हे मला ठावं व्हतं. तरी बोलले."

ओसरीवरची माणसं दाराकडं वळून बघू लागली. तिचे काळे खुंट, तिच्या सुजलेल्या हिरड्या, सगळं सगळ्यांना दिसत होतं. त्याचं तिला त्या घडीला काहीच वाटलं नाही. रतनबाईच्या पाठीकडं मात्र तिला बघवेना.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग रतनबाईला म्हणाले, "तुम्ही तिथं समोरच होतात. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. माफ करा मला." रतनबाईनं फक्त मान हलवली. त्यांनी सुई दिली, दाढ काढली, पू वाहू दिला. नवी दाढ कोरून तीत चांदी भरली. शेवंता रडून रडून आईच्या मांडीवर झोपली.

हात धुताना ते सगुणाबाईला हळू आवाजात म्हणाले, "ती दुधाची दाढ तेव्हाच किडलेली असणार. लेपानं ती वाचली नसती. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

"आन् नवी?"

"नवी वाचायचा संभव होता," ते म्हणाले.

त्यांनी ते तिला हलकं वाटावं म्हणून सांगितलं होतं. तिला हलकं वाटलं नाही. एक दाढ तिच्या हिशेबातून गेली, म्हणून जांभळीखाली बसवलेली पोरं रांगेत परत येत नव्हती. ती म्हणाली, "तुमी परत या. ह्या खेपंला रांग म्या लावते."

डॉक्टर भात झोडणी झाल्यावर येतो म्हणाले. सगुणाबाई नानांकडं गेली आणि उभ्यानंच सांगितलं की ह्या वेळी जे आधी येईल त्याला आधी. नाना म्हणाले, "मंग पडवी दुसऱ्याची बघ." त्यांचा आवाज याही वेळी चढला नाही. ती म्हणाली, "बघते." नानांपुढं ती एवढंच बोलली, आणि तडक ओढ्याच्या वाटेला लागली. एवढ्याशा शब्दाला आपल्याला वर्ष लागलं, हे तिच्या मनातून जाईना.

बौद्धवस्तीत समाजमंदिराची एक खोली होती, पत्र्याची. तिथं जागा मागायला ती गेली तेव्हा वस्तीतल्या बायकांनी तिला दारातच उभं ठेवलं. एक म्हातारी म्हणाली, "आता बरी आमची आठवन झाली." सगुणाबाईनं ते ऐकून घेतलं. खोलीची किल्ली रतनबाईनं आणून दिली. म्हणाली, "पोरांसाठी देतीया. तुमच्यासाठी न्हाई."

"कळतंय मला."

"कळतंय तर बरं."

डॉक्टर आले. पहिली बसली ती शेवंता. वरच्या आळीतली मोजकीच पोरं आली. ऊन कलता कलता फुलाबाई नानांच्या नातवाला पदराआड घेऊन मागच्या वाटेनं आली आणि रांगेच्या शेवटाला उभी राहिली. तिला कुणी पुढं घेतलं नाही, आणि तिनंही तसं म्हटलं नाही.

बालवाडी मग समाजमंदिरातच भरू लागली. वरच्या आळीची काही पोरं कधीच आली नाहीत. काही दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक करून आली. दर सहा महिन्यांनी डॉक्टर येत, पुढं ते थकले तेव्हा त्यांचे शिष्य येत. नवी काडी आणि उकळलेला आरसा प्रत्येक आईला जवळ बोलावून दाखवायचं काम सगुणाबाई स्वतः करायची, अगदी सावकाश, पदर खांद्यावर टाकून. लोक म्हणायचे, बाई फार शिस्तीची. तिला स्तुती सोसायची नाही. कुणी सुरू केली की ती उठून पातेल्यातलं पाणी बदलायला जायची.

साहेबरावानं एका गणपतीत तिला भोरला नेऊन दातांचे खुंट काढून घेतले आणि कवळी बसवून दिली. ती बरी बसली. शेवंता चौथी होऊन पाचवीला वेल्ह्याच्या शाळेत गेली, तेव्हा तिला सकाळी फाट्यापर्यंत सोडायला कधी रतनबाई जायची, कधी वाडीतलं आणखी कुणी. एकदा रतनबाईला ताप होता, तर तिनं सगुणाबाईकडं निरोप धाडला की उद्या पोरीला तुम्ही सोडा. सगुणाबाई गेली. पण रतनबाईनं तिला कधी घरात बस म्हटलं नाही. सगुणाबाई अंगणातूनच हाक मारायची, पोर बाहेर आली की तिला घेऊन निघायची, आणि आत बोलवतील अशी वाट तिनं कधी पाहिली नाही.